म्हशीसाठी जपलेला आवाज

तळेगाव ढमढेरे,
गुरुवार, सकाळ

कासुर्डी मुक्कामी लिंबाखालच्या बाजेवर अखंड विराजमान असलेले आमचे मेव्हणे राजमान्य राजश्री हौसराव यांना त्यांचे एकुलते एक दाजी मारुतराव यांचा कमरेपातुर वाकून रामराम. (साष्टांग घातला असता, पण खाली गेलं की वर उठवायला आता माणूस लागतो.) इकडं आम्ही सगळी खुशाल हाय असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो, खरं काय ते पुढं येईलच. तुमची कंबर कशी हाय? वैनींच्या गुडघ्याला त्या तेलाचा गुण आला का? सुदर्शननं नवा लॅपटॉप घेतल्याचं आमच्या दौंडच्या भाचीकडून, शितलकडून, कळलं. तुमच्या पोराचं अभिनंदन. लई आनंद झाला. एवढा झाला की तवापास्नं मला अन्न गोड लागंना आन् एका जागी बसवंना. त्याचं कारण शेवटाला सांगतो, कारण पहिल्यांदाच सांगितलं तर तुम्ही तेवढं वाचून पत्र उशाखाली सारणार.

पाकिटाचं तोंड फाटकं बघून ते आणून देणाऱ्या यवतच्या तरकारीच्या टेम्पोवाल्याला शिव्या देऊ नका, ते मीच फाडून पाठवलंय. चिकटवलेलं पाकीट तुमच्या हाती पडलं की त्याचं पुढं काय हुतं, ते मला ठाऊक हाय. आमच्या लग्नात मानाचं म्हणून तुम्हाला दिलेलं घड्याळ अजून तुमच्या कोनाड्यात डबीतच पडून हाय, चावीसुद्धा दिलेली न्हाई. विश्वजीतच्या लग्नाची पत्रिका तुम्ही हळदकुंकू लावून देवापुढं ठेवली, ते बरोबरच केलं, पण आत काय लिहिलंय ते एकदा बघायला पायजे व्हतं. पोराचा सख्खा मामा मांडव सोडायच्या दिवशी फेटा बांधून, आहेर घेऊन हजर झाला, आन् आचाऱ्यानं त्याला उरलेली बुंदी वाढली. (नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, तिथं ऐनवेळी बँडवाला उभा केला, हे व्याही अजून बोलून दाखवतात.) मी तवा लई तापलो व्हतो. तुमची बहीण मात्र म्हणाली, माझा भाऊ आळशी न्हाई, उघडली की वस्तू जुनी हुती, म्हणून त्यो उघडत न्हाई. भावाची बाजू घ्यायला धुरपदाला कधी कारण लागलं न्हाई, नवऱ्याची घ्यायला मात्र पुरावा लागायचा.

आता मूळ गोष्टीवर येतो. आमच्या घरातला कॉम्प्युटर तुम्ही बघितलाय. न्हाई आठवत तर त्याच्यावर तुम्ही टोपी ठेवली व्हती आन् ती जाताना विसरून गेला, ते आठवा. विश्वजीतच्या कंपनीनं घरून काम करायला लावलं तवा त्यानं त्यो घेतला आन् माजघरात खिडकीशी मांडला, कारण आमच्या घरात तिथंच तेवढं नेट येतं. खिडकीच्या पलीकडं गोठा. एके दिवशी सांजच्याला हे चिरंजीव कॉम्प्युटराला आवाज ऐकू जातो का ते तपासत बसले व्हते. मी बाजूला पेपर वाचत व्हतो. पलीकडं धुरपदा चंद्रीची धार काढत व्हती, आन् धार काढता काढता खिडकीतून मला बोलत व्हती. तुमच्या बहिणीला दोन कामं एका येळी करायची सवय, त्यामुळं अर्धं बोलणं मला आन् अर्धं म्हशीला. 'मोटर बंद केली का? न्हाई केली. टाकी वाहतीया, रस्त्यानं वढा चाललाय, आन् हे बसल्यात पेपरात तोंड घालून. ये बाय, सोड, सोड माझी चंद्री. उठा की. बायकूनं सांगितल्याबिगर ह्या माणसाला पाणी दिसत न्हाई. हां, अशी शहाणी माझी बाय.' असं चरवी भरंपातुर. ते सगळं कॉम्प्युटरात भरलं गेलं. विश्वजीतनं त्याला 'तपासणी' असं नाव दिलं आन् विसरून गेला. आमच्यापैकी कुणालाच तवा ते जपून ठेवायसारखं वाटलं न्हाई, कारण घरात ते रोज ताजं मिळत व्हतं.

मग धुरपदा गेली. त्याचं तुम्हाला मी काय सांगायचं. तेराव्याला तुम्ही येळेवर आला व्हता, ते मी विसरलो न्हाई. माणसं आपापल्या घरी गेली आन् चंद्रीनं पान्हा चोरायला सुरवात केली. मोनालीनं, आमच्या सूनबाईनं, सरकी वाढवली, पेंड भिजवली, रेडकू पुढं बांधलं, पाठ खाजवली. म्हैस नुसती मान वळवून दाराकडं बघायची. कुणीतरी म्हणालं, मालकिणीचं लुगडं नेसून धारेला बसा, म्हैस फसती. मोनालीला सासूचं लुगडं हातात धरलं की रडू यायचं, म्हणून शेवटी मी नेसलो. डोक्यावरून पदर घेऊन, चरवी गुडघ्यात धरून बसलो, आन् नेमकी शेजारची आक्काबाई विरजण मागायला आली. तिनं मला पाठमोरं बघितलं, वाटी तिथंच टाकली आन् गल्लीभर सांगितलं की धुरपदा धार काढायला परत आलीया. जरा येळानं बघतो तर माणसं हात जोडून गोठ्याच्या दारात उभी, आन् आत मी लुगड्यात. चंद्रीनं तर मला बघून व्हतं नव्हतं तेवढं दूधही वर ओढलं.

पुढं एकदा विश्वजीत जुन्या फायली चाळत बसला व्हता आन् त्याचं बोट त्या 'तपासणी'वर पडलं. मोटर बंद केली का, असा आवाज खिडकीतून सरळ गोठ्यात गेला. चंद्रीनं कान टवकारलं आन् कुणी हात लावायच्या आत तिच्या सडांतून धारा गळायला लागल्या. मोनाली चरवी घेऊन पळाली. आन् मी काय केलं म्हणाल, तर पेपर टाकून उठलो आन् तरातरा मोटर बंद करायला गेलो. मोटर बंदच व्हती. तिथं पेटीपाशी मी जरा येळ उभा राहिलो, मग माघारी आलो.

त्या दिवसापास्नं गोठ्यात वायर ओढून स्पीकर टांगला, आन् दोन्ही येळच्या धारेला आवाज लावायचं काम मी माझ्याकडं घेतलं. आता ज्या फायलीवर घरातला चहा चालतो, तिची राखण नको का करायला? पेपरात तर रोज येतं. कुणाच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला, कुणाचं सगळं चोरांनी परस्पर कुलूप लावून टाकलं, कुणाच्या घरात म्हणे कॅमेऱ्यातून हेर बसून बघतात. विश्वजीत म्हणाला, आप्पा, आपल्या गोठ्यात कुणाला काय बघायचंय? त्याचं तरुण रक्त, त्याला गेलेल्या वस्तूची किंमत कुठली कळायला. मी कॅमेऱ्याच्या भोकाला आधी चिकटपट्टी लावली, ती सुटली. मग न्हाणीच्या आरशाला कडंनं धुरपदाच्या टिकल्या अजून तशाच चिकटवलेल्या हायेत, त्यातली एक अलगद काढून लावली. ती काय सुटली न्हाई. आता मोनालीचा कॉम्प्युटराला पाय लागला की ती पहिल्यांदा नमस्कार करती.

(थांबा. लाईट आली वाटतं. मोटर चालू करून येतो, न्हाईतर पुन्हा दुपारपातुर पाण्याच्या नावानं बोंब.)

(आलो. कुठं व्हतो? औषधावर यायचं व्हतं.) तर विश्वजीतनं व्हायरस मारायचं एक औषध कॉम्प्युटरात घातलं, ज्याला ही पोरं अँटिव्हायरस म्हणतात. एकच घातलं. आता सांगा पाव्हणं, तुम्ही आम्ही जन्मभर झेंडू आन् गवार पिकवली, एका औषधावर कुणी पीक काढलंय का? एकच औषध मारत राहिलं की कीड त्याला सरावती, पुढं तेच पिऊन माजती. म्हणून औषध बदलायचं, न्हाईतर दोन एकात मिसळून पंपात भरायची. हे मला शाळेनं न्हाई, झेंडूवरच्या लाल कोळ्यानं शिकवलं. तवा विश्वजीत कंपनीत गेल्यावर मी आणखी एक घातलं. फुकट मिळत व्हतं, नुसतं 'हो' वर बोट ठेवायचं. मग तिसरं एक आपणहून पडद्यावर आलं आन् म्हणालं, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात हाय, तुम्ही काळजी करू नका, आम्ही हाय. एवढं आपुलकीनं आता मला घरातसुद्धा कुणी विचारत न्हाई, म्हणून त्यालाही 'हो' म्हणालो. (पुढं कळलं की खरी कीड हीच. औषधवाल्याचा वेश करून आली व्हती.)

झालं काय, की पहिल्यानं दुसऱ्याला चोर म्हणून धरलं, दुसऱ्यानं पहिल्याला, आन् तिसरा दोघांच्या तक्रारी घेऊन घडीघडी माझ्याकडं यायला लागला. सोसायटीच्या निवडणुकीत दोन पॅनेलं एकमेकांची पत्रकं फाडत बसतात आन् तेवढ्यात गोडाऊनमधलं खत तिसराच उचलून नेतो, तो प्रकार. कॉम्प्युटर पार थकला. धारेला आवाज लावला की नुसतं मो, मो, मो असं अडकायचं, आन् पुरतं 'मोटर' यायच्या आत चंद्री चरवीला लाथ मारून मोकळी. मी औषधाचं प्रमाण वाढवलं म्हंजी दिवसातून दोनदा व्हायरसची तपासणी व्हायची ती मी येता जाता करायला लागलो. जेवताना मधीच उठून बघून यायचो. मोनाली म्हणायची, आप्पा, भाकरी गार व्हतीया. भाकरी परत गरम करता येती, हे तिला कसं सांगावं.

इथं मला तुमच्या बहिणीची शिकवण आठवली. धुरपदा गावरान भोपळ्याचं बी कधी एका घरात ठेवायची न्हाई. पुड्या बांधून सगळ्या सोयऱ्यांत वाटायची. म्हणायची, आपलं उंदरानं खाल्लं तर मागून आणता येतं, आन् मागायच्या निमित्तानं जाणंयेणं राहतं. मी तेच केलं. वर्षश्राद्धाला जेवायला आलेल्या प्रत्येक सोयऱ्याला भोपळ्याच्या बियांची एक पुडी दिली, पुडीत एकेक पेनड्राईव्ह घातला, आन् पेनड्राईव्हमधी धुरपदाचा आवाज. तुम्हालाही दिली व्हती. तुम्ही ती बंडीच्या खिशात घातली आन् नुसतं 'बरं बरं' म्हणाला. त्याचं पुढं बघू. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

तरी जीव स्वस्थ बसंना, कारण मूळ प्रत घरातच आन् तिघं राखणदार भांडतायत. आता गावाला जाताना दागिनं कुठं ठेवायचं ही तुमच्याच आईनं लेकीला घालून दिलेली रीत हाय. कपाट पहिल्यांदा फुटतं. म्हणून दागिनं फडक्यात बांधून गोवऱ्यांच्या ढिगात, अगदी खालच्या थराला. शेणात हात घालणारा चोर अजून जन्माला यायचाय. मग मी कॉम्प्युटरात तशी जागा हुडकायला लागलो आन् ती समोरच सापडली. पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या टोपलीचं चित्र असतं, टाकून दिलेलं सगळं तिच्यात जाऊन पडतं. कुठला हेर कचऱ्यात हात घालंल? मी आवाज तिच्यात ठेवला. धारेच्या येळी बाहेर काढायचा, चंद्री मोकळी झाली की परत टोपलीत टाकायचा. ह्याची खबर मी विश्वजीतला दिली न्हाई आन् मोनालीलाही न्हाई. दागिन्याची जागा घरात एकालाच ठाऊक असावी, असं धुरपदा म्हणायची. (तिच्या बोरमाळेची जागा अजून आम्हाला सापडलेली न्हाई. चुलीत घालायच्या आधी मोनाली प्रत्येक गोवरी मोडून बघती.)

आन् मग त्या तिसऱ्यानं, त्या काळजीवाल्यानं, एका दुपारी निरोप दिला की तुमच्याकडं लई कचरा साठलाय, झाडून काढू का? आता स्वच्छतेला कुणी न्हाई म्हणतं का? मी 'हो' वर बोट ठेवलं. पडद्यावर हिरवीगार बरोबरची खूण आली आन् त्यानं माझं अभिनंदन केलं. पाव्हणं, मला बरं वाटलं. मी मोनालीला चुलीपासून उठवून आणून ती खूण दाखवली. सांजच्याला धारेला टोपली उघडली तर आत काय न्हाई. बंद करून परत उघडली. तसं केल्यानं काय हुत न्हाई हे मला कळत व्हतं, तरी उघडत राहिलो. आन् मग मी सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. गेलेलं परत आणून देतो असं म्हणणारं आणखी एक औषध हुडकलं आन् तेही त्याच कॉम्प्युटरात घातलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून शिरूरला नेला. तिथं बाजारात जयसिंगचं दुकान हाय. हा जयसिंग आधी पाण्याच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचा, आता कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आन् दोन्हीला एकच स्क्रूड्रायव्हर वापरतो. त्यानं सगळ्यात आधी नखानं टिकली खरवडायला घेतली. मी त्याचा हात धरला. म्हटलं, तू आतलं बघ, बाहेरचं राहू दे. मग त्यानं मला समजावलं ते असं, की टोपलीतून झाडलेलं खरं तर लगेच जात न्हाई. रान तसंच असतं, नुसती 'हे मोकळं हाय, पेरा' अशी पाटी लागती. वर दुसरं पेरलं न्हाई तर जुनं हुडकून काढता येतं. त्यानं विचारलं, त्याच्यावर तुम्ही काय पेरलं न्हाई ना, आप्पा? मी म्हटलं, न्हाई, एवढंच एक, ते परत आणून द्यायचं औषध. जयसिंगनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आन् चहा सांगितला. वकील आन् डॉक्टर आपणहून चहा सांगायला लागले की पुढं काय ऐकायला मिळतं, ते तुम्हाला माहीत हाय. तरी त्यानं दिवस मावळंपातुर खटपट केली. निघाला काय, तर चंद्रीचा एक जुना फोटो. तोंड बंद केलेला.

मग मी वाटलेलं बी परत मागायला निघालो. पहिला फोन दौंडला, शितलला. ती म्हणाली, मामा, रागावू नका, तुमचा पेनड्राईव्ह लावल्यापास्नं आमच्या सगळ्या फोटोंना बाण फुटले, एक उघडंना, म्हणून ह्यांनी सगळं पुसून काढलं, पेनड्राईव्हसकट. श्राद्धात दिलेली वस्तू, तिची तक्रार कशी करायची, म्हणून तुम्हाला कळवलं न्हाई, असंही म्हणाली. चुलतभाऊ हौशीरामाला लावला. त्याच्याकडं तीच गत, वर नातवाचा परीक्षेचा अभ्यास गेला त्यो वेगळाच. म्हणाला, मारुती, पुढच्या श्राद्धाला नुसतं जेवायला घाल, हातात काय देऊ नको. एकेक घर असंच निघालं. आवाजाच्या आधी कीड जाऊन पोचली व्हती. धुरपदानं उन्हात घातल्याबिगर, सुपात निवडल्याबिगर बी कुणाच्या हातावर ठेवलं न्हाई, आन् मी तिच्याच नावानं किडकं वाटलं. भोपळे मात्र सगळ्यांकडं चांगले लागल्यात. शितलकडं तर मांडव वाकलाय म्हणे.

असं हाय सगळं. विश्वजीत मला एका शब्दानं बोलला न्हाई. त्यानं सगळी औषधं उपटून टाकली, एकच चांगलं ठेवलं, आन् मला 'हो' म्हणायची बंदी केली. चंद्रीनं दूध आखडलंय, घरात कोरा चहा चालू हाय. मी गोठ्यात जातो, माजघरात येतो, पुन्हा गोठ्यात जातो. मोनाली म्हणती, आप्पा, बसा की जरा. बसलो की उठावंसं वाटतं आन् उठलो की कुठं जायचं ते सुचत न्हाई. बाकी ठीक. वैनींना नमस्कार, सुदर्शनला आशीर्वाद, आन् तुमच्या बाजेला माझी आठवण सांगा.

तुमचा,
हे पत्र निम्मं उभ्यानं लिहिलेला दाजी,
मारुतराव

ता. क. – आता ज्याच्यासाठी लिहिलं ते. उभ्या सोयऱ्यात एकट्या तुमच्याकडून कॉम्प्युटर बिघडल्याचं कळलं न्हाई, कारण तुमच्या घरात कॉम्प्युटरच नव्हता. आता सुदर्शननं आणलाय. पोरांच्या हाती नवी वस्तू आली की घरात असंल नसंल ते तिच्यात खुपसून बघतात. नव्या लॅपटॉपात नवं कडक औषध असणार, ते किडीबरोबर आवाजही खाईल. तुम्ही फोन उचलत न्हाई. सुदर्शनला फोन करून 'लावू नको' म्हणालो असतो, तर फोन कानाला असतानाच त्यानं लावून बघितला असता. म्हणून हे पत्र. पाव्हणं, घड्याळावरून आन् पत्रिकेवरून मी तुम्हाला जन्मभर नावं ठेवली, ती सगळी मागं घेतो. धुरपदा म्हणायची तेच खरं. तुम्ही ती पुडी उघडली न्हाई, एवढं मला कळवा. घड्याळाच्या डबीशेजारी कोनाड्यात हाय, एवढं कळवा. तिला हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका. रविवारी मी स्वतः येतो. जयसिंग म्हणालाय, पेनड्राईव्ह तसाच्या तसा मिळाला तर कीड निवडून आवाज काढता येईल.

आणखी ता. क. – चंद्रीचं वर लिहिलं ते खरं न्हाई. ती मोनालीच्या हाताला कवाच सोडायला लागली व्हती, आवाजाची तिला गरज राहिली नव्हती. आता तर ती गाभण हाय, आटलीया. चहाला दूध आक्काबाईकडून येतं. धार नसताना दोन्ही येळला गोठ्यात बसून आवाज लावणारा मीच. पोरांना ते ठाऊक हाय, पण त्यांनी कधी विचारलं न्हाई आन् वायरही काढली न्हाई. धुरपदा दवाखान्यात शेवटी शेवटी माझ्याशी लई गोड बोलली. तसं ती कधी बोलत नव्हती, ते मला आठवायला नको वाटतं. मला हे ऐकायचंय. रविवारी आवाज निघाला तर तुम्हीही शेजारी बसा, तुमचीही ती बहीणच हाय.

आणखी एक – मघाशी चालू केलेली मोटर तशीच राहिली. टाकी भरून वाहतीया, रस्त्यानं पाणी चाललेलं मला इथून दिसतंय. मी बसून ऐकतोय मघापास्नं. कुणी काय बोलंना.